पिवळ्या दिव्यावरून वाद

मोटारीच्या मीटरमध्ये ए-बी-एस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ही तीन अक्षरं पिवळ्या रंगात पेटली आणि पेटलेलीच राहिली, की गॅरेजमध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ब्रेक लागतायत ना, मग हा दिवा तेवढा घालवा. दुसरा म्हणतो, दिव्याला हात लावू नका, तो का लागला ते आधी बघू. पहिल्याला अडाणी ठरवण्याची घाई आपण फार करतो. त्याच्या गाठीला वर्षानुवर्षांचं ड्रायव्हिंग असतं आणि उगाच बदललेल्या पार्टांची बिलंही असतात. म्हणून इथे दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे. मामा कराडचे, स्वतःच्या गाडीवर प्रवासी भाडी मारणारे, कुंभार्ली घाट पाठ असलेले. भाची मोटारींच्या इलेक्ट्रिकल कामाचं वर्कशॉप चालवते. माणसं कल्पित आहेत. वाद मात्र कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल.

मामा : पोरी, तुझ्याकडे तो स्कॅनर आहे ना? लाव आणि दिवा घालव. उद्या सकाळी चिपळूणचं भाडं आहे. पिवळं काही पेटलेलं दिसलं की मागे बसलेला माणूस लगेच विचारतो, ब्रेकचं काही आहे का म्हणून.

भाची : घालवू की. पण मामा, आधी सांगा, तो लागतो कधी? चावी फिरवल्यापासूनच, की गाडी चालायला लागल्यावर?

मामा : लागतो म्हणजे लागतो. त्यात आधी-नंतर काय?

भाची : त्यातच तर सगळं आहे. चावी ऑन केली की एबीएसचा कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करतो. तेव्हा दिवा लागायलाच हवा, आणि दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. तो विझलाच नाही तर बहुधा विजेचा दोष असतो. फ्यूज उडालाय, कपलर सैल झालाय, सेन्सरची वायर तुटलीय, युनिटला सप्लायच येत नाही. गाडी उभी असतानाही कॉम्प्युटरला हे समजतं. पण एकदा विझून नंतर चालताना पेटत असेल, तर बऱ्याचदा वायरिंग ठीक असतं आणि एखाद्या चाकाकडून येणारा वेग कॉम्प्युटरला पटत नसतो.

मामा : मग ऐक. चावी फिरवली की लागतो, विझतो. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत काही नाही. हायवेला आलो, जरा वेग धरला, की पेटतो. मग गाडी बंद करेपर्यंत जात नाही. बंद करून चालू केली की पुन्हा तेच.

भाची : हे स्कॅनरनं मला असं सलग सांगितलं नसतं.

मामा : आता तू मला एक सांग. मी ज्या गाड्यांवर घाट शिकलो त्यांत एबीएस कुठे होतं? जीप होती, ट्रॅक्स होती, ॲम्बेसेडर होती. पावसाळ्यात दरडीची माती रस्त्यावर आलेली, समोरून एसटी, आणि पायाखाली साधा ब्रेक. चाक धरलं की पाय किंचित सोडायचा, पुन्हा दाबायचा. गाडी कधी आडवी गेली नाही. आणि अजून रस्त्यावर बिनएबीएसच्या कितीतरी गाड्या पळतायत. मग माझ्याच गाडीचं एबीएस चार दिवस झोपलं तर आभाळ कोसळणार आहे का?

भाची : अर्धं बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे प्रवासी मोटारींच्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत ते नाही, आणि त्या चालतायत. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, हेही खरं. पण त्या जुन्या गाड्या आणि तुमची ही एबीएस बंद पडलेली गाडी, या दोन गोष्टी एक नाहीत.

मामा : कशा नाहीत? दोन्हीत एबीएस नाही.

भाची : जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. तेव्हा मागच्या ब्रेकला पुढच्याइतकंच प्रेशर दिलं तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. जुन्या बऱ्याच गाड्यांत मागच्या लाइनीवर एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा, मागचं प्रेशर मर्यादेत ठेवणारा. नव्या गाड्यांतून तो बहुतेक काढून टाकलाय. त्याचं काम एबीएसच्या त्याच कॉम्प्युटरला दिलंय, ईबीडी म्हणतात ते. एका चाकाचा सेन्सर गेला तर साधारणपणे ईबीडी चालू राहतं. पण युनिटच बंद पडलं, किंवा एकाहून जास्त सेन्सर गेले, तर ईबीडीही जाऊ शकतं. मग जुन्या गाड्यांत जो व्हॉल्व्ह होता तोही नाही आणि कॉम्प्युटरही नाही. म्हणून अशा वेळी पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागतो. पिवळा एकटा असेल तर सांभाळून गॅरेजपर्यंत जा. पिवळा आणि लाल दोन्ही लागले तर गाडी बाजूला घ्या, ब्रेक ऑइल बघा, आणि ते ठीक दिसलं तरी पुढे जाऊ नका.

मामा : हा व्हॉल्व्ह काढल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मामांची ही तक्रार रास्त आहे. गाडी विकताना एबीएस हे अक्षरांचं बिरुद म्हणून सांगितलं जातं. कोणतं जुनं यंत्र काढून कोणतं काम त्याच्याकडे दिलं, हे चालवणाऱ्याला कुणी सांगत नाही. ‘आम्ही त्याशिवाय चालवल्या’ हा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या बनावटीच्या गाडीचा आहे. हे समजावून सांगणं विकणाऱ्याचं आणि दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे, आणि ते होत नाही याचा मला राग येतो.

मामा : बरं, मान्य. पण दिवा तर जातो ना? स्टँडवरच्या पोरांकडे शंभर उपाय आहेत. बॅटरीचं टर्मिनल काढून अर्धा तास ठेवायचं, सगळं रिसेट होतं म्हणतात.

भाची : फार जुन्या गाड्यांत व्हायचं. आता एबीएसचे कोड अशा मेमरीत राहतात, की बॅटरी काढली तरी पुसले जात नाहीत. जातं ते रेडिओचं सेटिंग, काचांचं ऑटो, काही गाड्यांत स्टिअरिंगच्या सेन्सरचं सेटिंग. म्हणजे एक दिवा घालवायला जाऊन दुसरा लावून घ्यायचा. आणि कोड पुसला गेला असं धरलं, तरी तुमच्या हायवेवर तो पुन्हा येणारच.

मामा : आणि ते ब्रेक पेडल आठ वेळा दाबायचं?

भाची : ते खरं आहे, पण सगळ्या गाड्यांचं नाही. टोयोटाच्या जुन्या काही मॉडेलांत डायग्नोसिस कपलरमधल्या दोन पिना वायरनं जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगतो. मग पाच सेकंदांत पेडल आठ वेळा दाबलं की कोड पुसतो. ती कंपनीनंच दिलेली पद्धत होती, स्कॅनर नव्हते तेव्हाची. दुसऱ्या गाडीत अंदाजानं पिना जोडल्या तर कॉम्प्युटर जाळून ठेवाल.

मामा : मग शेवटचा उपाय, बल्ब काढायचा. किंवा चिकटपट्टी.

भाची : मामा, हे विनोदानंही बोलू नका. जुनी गाडी घेताना मी पहिलं हेच बघते. चावी ऑन केली आणि एबीएसचा दिवा क्षणभरही लागला नाही, तर काहीतरी लपवलंय असं धरायचं. दिवा लागून विझतो का, आणि बाकीच्या दिव्यांपेक्षा वेगळा वागतो का. काही लोक तो दुसऱ्या दिव्याच्या वायरीला जोडून ठेवतात, म्हणजे त्याच्याबरोबर लागतो आणि त्याच्याबरोबर विझतो. घेणारा बिचारा समजतो एबीएस ठणठणीत आहे. मग ओल्या रस्त्यावर पाय दाबून धरतो, कारण एबीएस असलेल्या गाडीत तसंच करायचं त्याला शिकवलेलं असतं. चाकं लॉक होतात, स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही. मागच्या सीटवर कोण बसलेलं असेल कुणाला माहीत. दिवा लपवणारा माणूस पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळत असतो.

मामा : अगं, मी कुठे लपवतोय? माझा विषय बिलाचा आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या स्टँडवरच्या एकाला गॅरेजनं सांगितलं, एबीएसचं युनिट गेलं, पूर्ण बदला. आकडा ऐकून त्यानं गाडीच विकायला काढली. नंतर दुसऱ्या मिस्त्रीनं बघितलं तर उंदरानं वायर कुरतडलेली. तुझा स्कॅनर लावूनच पहिल्यानं युनिट सांगितलं होतं ना?

भाची : त्यानं कोड वाचला आणि तिथेच थांबला. कोड म्हणजे तक्रार कुठल्या गल्लीतून आली एवढंच. घर आपण शोधायचं. बऱ्याच गाड्यांत सी ००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या सर्किटचा असतो, सी ००४० पुढच्या उजव्याचा. ‘सर्किटचा’ म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलर आणि कॉम्प्युटरची तिथली पिन, सगळं त्यात आलं. सेन्सर बदला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मामा : आणि पोरांकडे ते ब्लूटूथचं छोटं यंत्र असतं, मोबाइलला जोडायचं? त्यावर काही येत नाही म्हणतात. म्हणजे दोष नाही?

भाची : ती स्वस्तातली यंत्रं बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, पी अक्षरानं सुरू होणारे. ब्रेक आणि चेसिसचे कोड सी अक्षराचे, आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नसतील तर यू अक्षराचे. एबीएसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. यंत्राला काही दिसलं नाही याचा अर्थ त्यानं त्या खोलीत डोकावलंच नाही, असाही असतो. थांबा, लावते. बघा, दोन कोड आहेत. एक पुढच्या डाव्या चाकाच्या सिग्नलचा. दुसरा बॅटरीचं व्होल्टेज कमी झाल्याचा.

मामा : झालं! दोन-दोन दोष.

भाची : दोन नोंदी. दोष किती ते अजून ठरायचंय. बॅटरी बदलली का मध्ये?

मामा : हो, दिवाळीच्या आधी. जुनी पार उतरली होती, धक्का मारून चालू करावी लागायची.

भाची : मग तो कोड तेव्हाचा असणार. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की एबीएसचा कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घेतो आणि नोंद ठेवतो. आत्ता बघू. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर, चालू असताना चौदाच्या आसपास. ठीक आहे. आता मी दोन्ही कोड लिहून घेते, कोणत्या वेगाला आले तेही, आणि दोन्ही पुसते.

मामा : हां! म्हणजे तूही शेवटी रिसेटच मारणार. मघापासून मी काय म्हणत होतो?

भाची : मारणार. पण लिहून घेतल्यावर. पुसल्यावर ट्रायल मारायची, आणि जो कोड परत येईल तो आजचा दोष. नाही आला तो जुना इतिहास. न लिहिता पुसलं तर पुराव्यावर पाणी. आणि पुसून गाडी मालकाला देऊन टाकली तर ती फसवणूक.

मामा : मग माझं म्हणणं इतकं काही चुकीचं नव्हतं. आधी पुसून बघायचं.

भाची : आधी पुसून ‘बघायचं’ हे बरोबर. तुम्ही आधी पुसून ‘जायचं’ म्हणत होतात.

इथे माझा कौल भाचीच्या बाजूला आहे, पण मामांना एक गोष्ट द्यायला हवी. कोड पुसणं हे पाप आहे असं सांगणारे मिस्त्रीही भेटतात. ते प्रत्येक जुन्या नोंदीमागे धावतात आणि ग्राहकाचा पैसा आधीच मिटलेल्या दोषांवर घालवतात. उतरलेल्या बॅटरीनं उठवलेला कोड पाहून युनिटला हात घालणारा माणूस पुसून पळणाऱ्याइतकाच महागात पडतो.

मामा : चल, मी चालवतो, तू त्या पडद्याकडे बघ. बघ, चाळीसच्या पुढे गेलो आणि पेटला.

भाची : दिसलं. चार चाकांचे चार आकडे आहेत. तीन चाकं चाळीसच्या आसपास दाखवतायत, पुढचं डावं शून्य. ते कमी-जास्त होत नाहीये, सुरुवातीपासून सपाट शून्य आहे. बाकीची चाकं फिरतायत आणि हे एकच उभं आहे यावर कॉम्प्युटरचा विश्वास बसत नाही, म्हणून तो एबीएस बंद करतो. बॅटरीचा कोड मात्र परत आला नाही.

मामा : म्हणजे डावा सेन्सर मेला. टाक नवीन आणि मोकळं कर. सेन्सर काही फार महाग नाही.

भाची : आता बिलाची घाई तुम्हालाच झाली! सेन्सरची वायर तुटली असती तर चावी ऑन केल्यावरच दिवा राहिला असता, तुम्हीच सांगितलंत तसा विझला नसता. सर्किट जोडलेलं आहे, सिग्नल येत नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, वायर हलवून बघते. पुढच्या चाकाची वायर रोज वळते, वाकते, कधी कधी रबराच्या आत तुटते आणि वरून धड दिसते. पण तसं असतं तर आकडा मध्येच आला-गेला असता.

मामा : मल्टिमीटर लाव ना त्याला. आमचा जुना मिस्त्री ओहम मोजायचा.

भाची : त्याच्या काळच्या सेन्सरला ते चालायचं. तो सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तारेची कॉइल. समोरून लोखंडी दातेरी रिंग फिरली की तिच्यात थोडंसं एसी व्होल्टेज तयार होतं. रेझिस्टन्स बऱ्याचदा हजार-दीड हजार ओहमच्या घरात असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. चाक हातानं फिरवलं तरी मीटरवर एसी व्होल्टेज हललेलं दिसतं. तुमच्या गाडीतला सेन्सर ॲक्टिव्ह आहे. त्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्याला कॉम्प्युटरकडून सप्लाय मिळतो आणि तो ७ आणि १४ मिलिअँपिअर असा करंट खालीवर करून सिग्नल पाठवतो. ओहम मोजून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा सोपं करू. दोन्ही पुढच्या चाकांचे सेन्सर काढून अदलाबदल करू. वायरची लांबी सारखी आहे, बसतील.

मामा : त्यानं काय कळेल?

भाची : सेन्सर मेलेला असेल तर दोष त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. डावीकडेच राहिला तर सेन्सर निर्दोष. … बघा, डावीकडेच आहे. उजव्या चाकावर तुमचा ‘मेलेला’ सेन्सर मस्त वेग दाखवतोय.

मामा : (जरा थांबून) पोरी, डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. घोंघावत होतं म्हणून. त्यानंतर थोड्याच दिवसांत हा दिवा सुरू झाला. माझ्या डोक्यात आलंच नाही, ब्रेकचा आणि बेअरिंगचा काय संबंध?

भाची : मामा, हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! या गाडीत वेगळी दातेरी रिंग नाही. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा आहे, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ध्रुव ओळीनं. सेन्सर तोच वाचतो. डोळ्यांना दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात, एक सील जरा काळपट एवढंच. बेअरिंग उलटं बसवलं तर पट्टा सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जातो. चाक छान फिरतं, आवाज बंद होतो, काम फत्ते झालं असं वाटतं. सेन्सरसमोर मात्र नुसतं रबर. ही टाचणी घ्या. उजवीकडे सेन्सरच्या भोकातून आत धरा, ओढ लागते का?

मामा : लागते, किंचित.

भाची : आता डावीकडे.

मामा : काही नाही.

भाची : झालं निदान. जिथे बेअरिंग बसवलं तिथे गाडी घेऊन जा, शांतपणे दाखवा. प्रेसवर ते काढताना खराब होणारच, म्हणजे नवीन लागेल, आणि तो खर्च त्यांचा. बसवण्याआधी टाचणी लावून किंवा चुंबकी पट्टा दाखवणारं कार्ड मिळतं ते लावून बाजू बघायला सांगा. मोठा लोहचुंबक मात्र जवळ नेऊ देऊ नका, पट्टा खराब होतो.

या घोळाची जात मला महत्त्वाची वाटते. सेन्सर बदलला असता तर दिवा तसाच राहिला असता, मग युनिटवर संशय गेला असता, आणि युनिट बदलूनही दिवा राहिलाच असता. प्रत्येक पायरीवर स्कॅनर खरंच बोलत होता. मालकाच्या आठवणीतली एक ओळ कुणी मागितली नव्हती, म्हणून ती कुणाला मिळाली नव्हती. गॅरेजमध्ये गाडी टेकवताच ‘अलीकडे काय काय काम केलं?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे: टायर बदलले का, बेअरिंग, सस्पेन्शन, ब्रेकचे लायनर, बॅटरी, बाहेरून लावलेला हॉर्न किंवा लाइट. वेगळ्या मापाची स्टेपनी लावली आणि घेराचा फरक मोठा असला तरी चाकांचे वेग जुळत नाहीत. आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पावसाचं पाणी कपलरमध्ये शिरणं, सेन्सरच्या बुडाशी गंज चढून तो थोडा वर उचलला जाणं, हेही नेहमीचं.

मामा : तो गंजाचा प्रकार मी बघितलाय बहुतेक. एका गाडीत अगदी थांबता थांबता, पाच-दहाच्या वेगाला पेडल थरथरायचं. कोरड्या रस्त्यावर. दिवा नव्हता काही.

भाची : अगदी तेच. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर वाढलं, किंवा रिंगला तडा गेला, की हळू वेगात सिग्नल कमजोर होतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं, आणि तो नको तिथे त्या चाकाचा ब्रेक सोडतो. दिवा न लागताही एबीएस चुकू शकतं. सिग्नलला गाडी उभी करताना ती हातभर पुढे सरकली तर किती महागात पडेल!

मामा : बरं, उद्या बेअरिंग सरळ बसलं. दिवा लगेच जाईल?

भाची : कोड पुसला तरी काही गाड्यांत लगेच जात नाही. कॉम्प्युटरला चारही चाकांचा सिग्नल चालत्या गाडीत पटावा लागतो. वीस-तीसच्या वेगानं थोडं पुढे गेलात की विझेल. निघताना बोनेटखालून एक टक् किंवा घर्रर असा बारीक आवाज येईल, कॉम्प्युटर पंपाच्या मोटरची तपासणी करतो. घाबरायचं नाही. मग मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नसताना, तीस-चाळीसला एकदा जोरात ब्रेक दाबून धरा. पेडल पायाखाली थडथडलं पाहिजे.

मामा : पाय सोडायचा नाही?

भाची : नाही. तुमचा पाय जे करायचा, सोडायचा-दाबायचा, तेच ते यंत्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा करतं, आणि ज्या चाकाला हवं त्याच चाकाला. बॉशनं १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये हे बाजारात आणलं, तेव्हाही त्याचं मुख्य काम हेच होतं, की ब्रेक मारतानाही स्टिअरिंग हातात राहावं. खडीवर, मोकळ्या मातीवर तर एबीएसमुळे गाडी उलट थोडी जास्त अंतरावर थांबते, कारण लॉक झालेलं चाक समोर मातीचा ढीग करतं आणि एबीएस तो होऊ देत नाही. पण वळता येतं. घाटात वळता येणं मोठं.

मामा : एक माझंही ऐक. एबीएस आहे म्हणून ही नवी पोरं घाट उतरताना टॉप गिअरमध्ये, सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, वास सुटतो, पेडल दाबूनही गाडी धरत नाही. त्याला तुझा दिवा लागतो का?

भाची : नाही लागत. तापलेल्या ब्रेकचं एबीएसला काही कळत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, ही तुमची शिकवण कुठल्याच कॉम्प्युटरनं जुनी केलेली नाही. पोरांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.

मामा : मग आता उद्याच्या भाड्याचं काय? चार माणसं आहेत, पाऊस आहे. पिवळा एकटाच आहे, लाल नाही. तूच म्हणालीस साधे ब्रेक चालू आहेत.

भाची : गॅरेजपर्यंत जायला चालू आहेत असं म्हणाले. एकटे असता तर म्हटलं असतं, अंतर दुप्पट ठेवा, हळू जा. पावसात, कुंभार्लीत, पैसे देऊन बसलेली चार माणसं घेऊन नको. त्यांनी एबीएस असलेली गाडी ठरवलीय. आज संध्याकाळपर्यंत बेअरिंग बसलं तर तुम्ही जा. नाही बसलं तर भाडं स्टँडवरच्या दुसऱ्या कुणाला द्या.

मामा : भाडं दिलं की गिऱ्हाईक जातं, पोरी. तुला पगार महिन्याला मिळतो.

भाची : वर्कशॉप माझं आहे मामा, पगार कुणी देत नाही. माझंही गिऱ्हाईक जातं, युनिट बदला असं सांगत नाही म्हणून. काही जणांना मोठं बिल झालं की मोठं काम झालं असं वाटतं.

मामा : तुझं आजचं किती झालं?

भाची : तपासणीचे पैसे घेणार, पार्ट काहीच नाही. बिलावर लिहिते: आलेले कोड, पुसल्यावर परत आलेला कोड, सेन्सर अदलाबदल करून पाहिला, सेन्सर निर्दोष, डाव्या बेअरिंगचा चुंबकी पट्टा उलट बाजूला. हा कागद तिथे दाखवा म्हणजे वाद होणार नाही. आणि बेअरिंग बसलं की परत इथे या, कोड मी पुसते. ट्रायलला तुम्हीच चालवा.

मामा : लिही. आणि माझं नाव नको घालूस, नुसता गाडीचा नंबर टाक. त्या मिस्त्रीचा माझ्यावर राग नको. माणूस बेअरिंगच्या कामात चांगला आहे, त्याला हे चुंबकाचं कुणी दाखवलंच नसेल. मी टाचणी घेऊन जातो.